यादीच्या तळाशी

सकाळी पावणेसातला आमच्या कंपनीच्या गेटवरची रांग बघून एखाद्या नवख्याला वाटेल, आत फुकट काहीतरी वाटतायत. आत वाटत काही नाही. आत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधतात आणि ते बांधायला एकेका शिफ्टला चारशे बायका लागतात, कारण पुरुषांच्या बोटांना तेवढा धीर नसतो. हे माझं मत नाही. आमच्या एचआरचे नंदकिशोर सर ट्रेनिंगच्या भाषणात असं म्हणतात आणि वर हसतात. बायकांनीही हसावं अशी त्यांची अपेक्षा असते.

गेटवर कार्ड टेकवायचं मशीन आहे. कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला, की दांडा फिरतो. पर्मनंट माणसाचं कार्ड टेकताक्षणी दिवा लागतो. कंत्राटी बाईचं कार्ड टेकलं की मशीन विचारात पडतं. एक, दोन, तीन, चार, पाच. मग कुठे हिरवा. पाच सेकंद म्हणजे काही नाही असं सर म्हणतात. एका दांड्यामागे दोनशे बायका उभ्या असल्या की त्या ‘काही नाही’ची सतरा मिनिटं होतात, हा गुणाकार त्यांच्या केबिनमध्ये कधी पोचला नाही.

आणि सात वाजून एक मिनिट झालं की लेट मार्क. तो मार्क टाकायचं काम माझं. गेटला लागूनच असलेल्या टाइम ऑफिसच्या खिडकीत मी बसते. निघोज्याचा हा प्लांट उभा राहिला तेव्हापासून, म्हणजे चौदा वर्षं.

तीन लेट मार्क झाले की कंत्राटी बाईला ब्रेकनंतर परत बोलावत नाहीत. ब्रेक म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तरी सांगते. माणूस सलग कामावर होता असं कागदावर दिसून त्याला पर्मनंट करावं लागू नये, म्हणून सात महिने झाले की त्याला आठ दिवस घरी बसवतात. कार्ड काढून घेतात. नवव्या दिवशी नवा नंबर देऊन परत घेतात. माणूस तोच, हात तेच, नंबर नवा. रुपालीचा हा आठवा नंबर होता.

रुपाली परभणीकडची. नवरा गेल्या वर्षी टेम्पोवरून पडला तेव्हापासून घरीच, आणि दिघीच्या दोन खोल्या तिच्या एकटीच्या हातांवर. तिची बस गेटवर पावणेसातला येते. निघोज्यातल्या पोरी चालत येऊन आधीच पुढे उभ्या राहिलेल्या असतात. त्या सोमवारी ती माझ्या खिडकीशी आली तेव्हा धापा टाकत होती. धावून नव्हे, उभी राहून.

“मार्क टाकायलात का ताई?”

“सात वाजून चार मिनिटं झालीत, रुपाली.”

“मी पावणेसातलाच उभी होते की! नवनाथभाऊला विचारा.”

नवनाथ आमचा गेटवरचा सिक्युरिटी, इथलाच, खेड तालुक्यातला. त्याने लांबूनच मान हलवली. “व्हय ताई, हुती उभी. म्या सोता बघितलं.”

“नवनाथभाऊ, तुमचं बघणं कॉम्प्युटरला चालत नाही.”

“मग कॉम्प्युटरला म्हनावं तू बघ की बाहेर येऊन.”

रुपाली हसली नाही. “हा दुसरा झाला ना ताई? ब्रेकला तेवीस दिवस राहिलेत. तिसरा झाला की संपलं माय.”

मी मार्क टाकला. टाकावाच लागतो, मशीनची वेळ पुसता येत नाही. त्या दिवशी डबा मला गोड लागला नाही.

मंगळवारी ताथवड्याहून सलिल आला. गेटचा प्रोग्रॅम ज्या कंपनीने बसवला, तिचा हा इंजिनिअर. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, पाठीवर सॅक, बोलण्यात मराठी एवढीच की क्रियापदं कळावीत. गेटवरच्या गर्दीचं कारण शोधायला सरांनी त्याला बोलावलं होतं. तो कारण न शोधता बावीस स्लाइड घेऊन आला. त्यात लॅटन्सी होती, बॉटलनेक होता, स्केलेबल काहीतरी होतं, आणि शेवटच्या स्लाइडवर चेहरा ओळखणारं मशीन होतं. विकायचं तेच होतं, बाकी एकवीस स्लाइड म्हणजे लग्नपत्रिकेतले प्रेषक.

“लोड वाढलाय सर,” सलिल म्हणाला. “हार्डवेअर जुनं आहे.”

“पण माझं कार्ड तर लगेच चालतं,” सर म्हणाले.

“माझंही सर. आम्ही टेस्टिंग केलं तेव्हा झिरो प्रॉब्लेम.”

मी हजेरीचे कागद घेऊन कोपऱ्यात बसले होते. म्हटलं, “सर, जुनं मशीन असेल तर सगळ्यांनाच उशीर लावेल ना? हे माणूस बघून उशीर लावतंय.”

सलिल माझ्याकडे बघून हसला. कमरेला खोचलेला पदर आणि नाकावर चष्मा असलेल्या बाईकडे तरुण इंजिनिअर हसतात तसं. “मॅडम, तुम्ही एक्सेल सांभाळा. हे बॅकएंडचं आहे.”

आता बॅकएंडचं सांगायचं तर, माझी मुलगी ओवी डिप्लोमाला असताना तिला पायथन नावाची भाषा होती. कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. तिला त्या विषयाचा मनस्वी कंटाळा. ती रडायची, मी शेजारी बसायची, आणि कोणीतरी ते व्हिडिओ बघायला हवेत म्हणून मी बघायची. ती पास झाली, बँकेत लागली, पायथनकडे परत वळूनही बघितलं नाही. ते माझ्याकडे राहिलं. पोरांनी टाकलेलं स्वेटर आई घरात घालते, तसं. मेथी निवडताना मोबाइल डब्याला टेकवून मी गेली सहा वर्षं ते घालतेय, आणि आता ते मला बरोब्बर बसतं.

गेटचा प्रोग्रॅम माझ्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये राहतो. पासवर्ड सलिलने स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवलेला. चार वर्षं मी त्या चिठ्ठीवरची धूळ पुसत होते. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी फाइल उघडली.

आणि मला हसू आलं. मग राग आला.

कार्ड टेकलं की प्रोग्रॅम काय करायचा? आमची कामगारांची एक्सेलची यादी उघडायचा. पहिली ओळ घ्यायचा, विचारायचा, हा नंबर तो का? नाही. दुसरी ओळ. तो का? नाही. तिसरी. सापडेपर्यंत खाली खाली. आणि दुसरं कार्ड आलं की यादी पुन्हा उघडून पुन्हा पहिल्यापासून. यादीतून कोणाला काढायची आमच्याकडे पद्धत नाही, कारण काढायला सही लागते आणि सही करायला माणूस. नवा नंबर आला की तळाशी जोडायचा. चौदा वर्षं दर सात महिन्यांनी त्याच बायकांना नवे नंबर देऊन यादी अठ्ठावीस हजार ओळींची झाली होती.

नंदकिशोर सर पाचव्या ओळीत होते. मी दोनशे बाराव्या. रुपाली जवळजवळ तळाशी. म्हणजे मशीन हळू नव्हतंच बिचारं. ते रुपालीकडे यायच्या आधी चौदा वर्षांत येऊन गेलेल्या प्रत्येकाला भेटत होतं. लग्न होऊन लातूरला गेलेल्या पोरी, नोकरी सोडून रिक्षा घेतलेले गडी, वारलेला एक फिटर, आणि खुद्द रुपालीचे आधीचे सात नंबर. सगळ्यांना “तू का? तू का?” विचारत ते खाली यायचं, आणि तोवर सात वाजून जायचे.

सगळ्यात वरच्या ओळीत नाव होतं ‘सलिल टेस्ट’. झिरो प्रॉब्लेम कसा असणार नाही!

चार वर्षांची पदवी, इस्त्रीचा शर्ट, आणि हा माणूस स्वतःचं नाव यादीच्या डोक्यावर ठेवून तपासतो की यादीत माणूस पटकन सापडतो का. आणि दुसरा माणूस पाचव्या ओळीत उभा राहून तळाच्या बाईला सांगतो की मला तर काही त्रास नाही. दोघंही खोटं बोलत नव्हते, यातच सगळी गंमत.

गुरुवारी इकडच्या एमआयडीसीला सुट्टी. प्लांट बंद, गेटवर एकटा नवनाथ. ब्रेकवर असलेल्यांची जमा केलेली कार्डं माझ्या कपाटात होतीच. पिंपळाखालच्या टपरीवरून दोन चहा घेऊन मी गेले.

“सुट्टीचं कशापाई आलाय ताई?”

“मशीनला शिकवायला.” मी खुर्ची ओढली. “नवनाथभाऊ, आत बायका चपला काढतात त्या मांडणीत रुपालीची चप्पल शोधायची तर कुठून सुरुवात कराल?”

“सुरुवात कशाला? तिचा कप्पा ठरल्याला हाय. एकशे साठ. जायचं नि उचलायची.”

“आणि कप्पा रिकामा असला तर?”

“तर बया आलीच न्हाई. आजून काय?”

“हे त्या साहेबाला सुचलं नाही बघा.”

पायथनमध्ये यादी ठेवायची एक अशी रीत आहे, तिला सेट म्हणतात. नंबर आला की प्रोग्रॅम त्या नंबरावरून एक ठरलेला हिशेब करतो आणि थेट कप्प्यापाशी जातो. आहे किंवा नाही, विषय संपला. अठ्ठावीस माणसं असोत की अठ्ठावीस हजार, वेळ तोच. मी जुन्या प्रोग्रॅमची एक प्रत बाजूला जपून ठेवली आणि नव्यात लिहिलं की यादी शिफ्टच्या आधी एकदाच वाच, कप्प्यांत मांड, आणि मग दर कार्डाला फक्त कप्पा बघ. सगळं मिळून पाचसहा ओळी बदलल्या.

कार्ड टेकवलं. लाल. दुसरं. लाल. माझं स्वतःचं. लाल. नवनाथने आपलं टेकवलं, तेही लाल.

“ताई, तुमी तर सगळ्यांलाच घरी बसिवलं.”

मी ओळी पुन्हा वरून वाचायला घेतल्या. डोक्यात सलिलचं ते हसू. पाऊण तास गेला तेव्हा कळलं, मशीन कार्डावरचा नंबर मजकूर म्हणून पाठवतं आणि आमच्या यादीत तो आकडा म्हणून बसलेला. माणसाला दोन्ही सारखंच दिसतं, पायथनला नाही, त्याच्या लेखी कप्पेच वेगळे. जुना प्रोग्रॅम दर ओळीला ते जुळवून घ्यायचा. म्हणजे सलिलने एक काम तरी नीट केलं होतं, आणि तेच मी न वाचता उडवलं होतं. स्वतःला दोन शिव्या घातल्या, एक ओळ वाढवली. मग सगळी कार्डं हिरवी. तळाचीसुद्धा. टेकवायच्या आधीच दिवा लागला की काय असं वाटावं इतकी.

शुक्रवारी दुपारी सलिल नव्या मशीनचं नक्की करायला येणार होता. मी सरांना म्हटलं, पाच मिनिटं गेटवर या. सर आले, मागून सलिल. मी रुपालीला कामाच्या लाइनवरून बोलावून घेतलं.

आधी जुना प्रोग्रॅम. सरांचं कार्ड, लगेच हिरवं. “बघा,” सर म्हणाले. रुपालीचं कार्ड टेकलं. सर घड्याळ बघत राहिले. पाच सेकंद कोणी काही बोललं नाही, आणि गप्प उभं राहिलं की पाच सेकंद किती असतात ते सरांना चौदा वर्षांत पहिल्यांदा कळलं असावं. मग नवा प्रोग्रॅम. सर, हिरवा. रुपाली, हिरवा.

“अगं बाई,” रुपाली म्हणाली.

सलिल स्क्रीनवर वाकून माझ्या ओळी वाचत होता. त्याचे कान लाल झाले होते. वरच्या ओळीतल्या नावाबद्दल मी काही बोलले नाही. बोलता आलं असतं. जीभ शिवशिवत होती.

“छान आहे, विजयश्री मॅडम,” सर म्हणाले. “म्हणजे तात्पुरतं छान आहे.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण चौदा वर्षांत ‘छान’ हा शब्द त्या तोंडून माझ्यासाठी पहिल्यांदा आला होता, आणि मी शेफारले.

“अजून एक गंमत सर. सेटमध्ये एक वस्तू दोनदा राहत नाही. मी सहज कार्डाच्या नंबराच्या जागी आधार नंबर घालून बघितलं. अठ्ठावीस हजार चारशे नोंदी आहेत ना? माणसं किती निघाली माहितीये? पाच हजार नऊशे त्रेसष्ट.”

स्क्रीनवर तो आकडा होता. सरांच्या चेहऱ्यावरचं ‘छान’ उतरत गेलं.

“रुपाली, तू जा लाइनवर.” ती गेल्यावर त्यांनी आवाज खाली घेतला. “हे काढायला कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही. सहज.”

“सहज! मॅडम, चौदा वर्षं ही माणसं कोणी मोजली नाहीत, याला कारण असतं. तेच लोक परत परत, असं उद्या कोणी कोर्टात दाखवलं तर? पुसा ते. सगळं पुसा. जुनं होतं तसं चालू करा. तीन महिन्यांत सलिलचं मशीन येतंय.”

“आणि तोवर गेटचं?”

“बायकांना सांगा थोडं लवकर या.”

“बस पावणेसातला येते सर.”

“मग बसवाल्याला सांगा!”

रुपालीच्या ब्रेकला एकोणीस दिवस होते. एकोणीस सकाळी, आणि त्यातली एक पुरे होती. मी सरांकडे बघितलं. या माणसाला पाच सेकंद वाचवलेले चालत होते, माणसं मोजलेली चालत नव्हती. आणि त्याला कॉम्प्युटरमधलं एवढंच कळत होतं की तो कुठून चालू करतात.

“पुसते सर,” मी म्हटलं. “पण ती मोजणी आणि गेट एकाच पोटात आहेत. एक पुसलं की दुसरं जातं. आणि यादीची मांडणी बदललीय, जुना प्रोग्रॅम आता तिला वाचणार नाही. उद्या सकाळी सगळ्यांचीच कार्डं अडतील. तुमचंसुद्धा.”

साफ खोटं. जुना प्रोग्रॅम त्यांच्या डोळ्यांदेखत दोन मिनिटांपूर्वी चालला होता. मोजणीच्या तीन ओळी वेगळ्याच फाइलमध्ये होत्या. पाचवीतल्या पोराने पकडलं असतं.

सर सलिलकडे वळले. “खरंय का हे?”

सलिलने एकदा माझ्याकडे बघितलं. मग स्क्रीनकडे. यादी उघडीच होती, आणि मी ती वरपर्यंत सरकवून ठेवली होती. पहिली ओळ सरांच्या डोळ्यांसमोर होती, त्यांना ती वाचायचं कारण मात्र अजून कोणी दिलं नव्हतं. मी नुसता चष्मा पुसला.

“हो सर,” सलिल म्हणाला. त्याने घसा साफ केला. “टाइटली कपल्ड आहे. वेगळं नाही होणार.”

त्याच्या इंग्रजीचा कोणाला तरी उपयोग झाल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सर थोडा वेळ कपाळ चोळत राहिले. “मग ते आकडे स्क्रीनवर दिसता कामा नयेत. आणि बाहेर बोलायचं नाही.”

“नाही दिसणार सर.”

ते गेल्यावर सलिल सॅकचा पट्टा कुरतडत उभा राहिला. “मॅडम, ती टेस्टची ओळ...”

“काढते.”

“हे आम्हाला दुसऱ्या सेमिस्टरला होतं. परीक्षेत मी लिहिलंय याच्यावर. पूर्ण मार्क पडले होते.” तो खालीच बघत होता. “तुम्ही कुठे शिकलात?”

“घरी. भाजी निवडताना.”

त्याने मान हलवली, आणि नापास झालेला पेपर मागे लपवणारी ओवी मला तशीच्या तशी दिसली. माझा सगळा राग पाणी झाला. सगळा नाही, बराचसा.

“जेवलास का?” मी विचारलं. “डब्यात एक पोळी आहे. शेंगदाण्याची चटणी आहे, बार्शीची. तिखट सोसतं का इंजिनिअर लोकांना?”

सोसलं नाही. डोळ्यांतून पाणी काढत खाल्ली, पण खाल्ली.

पुढचे एकोणीस दिवस गेटवर सात वाजेपर्यंत रस्ता मोकळा व्हायचा. नवनाथ म्हणायचा, मला आता करमत नाही. सलिलच्या कंपनीने दुसऱ्या एका प्लांटला दाखवायला नव्या स्लाइड केल्या, त्यात ‘आमच्या टीमने गेटचा वेळ शहाण्णव टक्के कमी केला’ असं होतं. ती स्लाइड सरांनीच मला कौतुकाने दाखवली. शिका जरा, म्हणाले.

रुपालीला तिसरा मार्क लागला नाही. ब्रेक झाला, कार्ड जमा झालं, आणि नवव्या दिवशी ती खिडकीशी उभी होती, केसांत गजरा माळून.

“बोलावलं ताई! मला तर वाटलं होतं, संपलं.”

“बोलावणारच. मार्क दोनच तर होते.”

“नाही ओ, गेटच सुधारलं म्हणून. सगळ्या बायका म्हणायल्यात, नंदकिशोर सरांनीच लक्ष घातलं. त्या दिवशी स्वतः गेटवर उभे होते ना घड्याळ घेऊन. लई देवमाणूस ओ.”

मी तिचा नववा नंबर यादीत टाकत होते. थांबले नाही.

“हो,” मी म्हटलं. “सर मोठे दयाळू आहेत.”

तिने पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला, त्यातले दोन कागदावर माझ्यासाठी ठेवले आणि बाकीचा पुडा घेऊन सरांच्या केबिनकडे निघाली. दार वाजवण्याआधी तिने पदर सारखा केला. मी एक पेढा तोंडात टाकला, आणि तिचं कार्ड छापायला लावलं.